दोन कुळांचा वृत्तांत

मराठी वाङ्मयांत ‘कुलवृत्तांत’ नांवाचा एक ग्रंथप्रकार आहे. गेल्या शंभर वर्षांत अशीं पुस्तकें बरींच निघालीं. पेंडसे, गोखले, बापट, लिमये इत्यादि घराण्यांचे जाडजूड वृत्तांत जुन्या वाचनालयांच्या कपाटांत अजून उभे असतात. परंतु या ग्रंथांचें परीक्षण क्वचितच होतें. त्या त्या आडनांवाबाहेरचा मनुष्य असें पुस्तक हातीं धरीत नाहीं. आणि आडनांवांतला मनुष्य आपलें पान काढतो, आपलें नांव बरोबर छापलें आहे कीं नाहीं तें पाहतो आणि पुस्तक मिटतो. ज्या ग्रंथांना वाचक आहेत पण टीकाकार नाहींत, त्यांच्यांत दोष सांचत जावे यांत नवल नाहीं.

आज हा विषय काढण्याचें कारण असें, कीं घराण्याचा शोध घेण्याची इच्छा आतां त्या ठराविक मंडळींपुरती राहिलेली नाहीं. मोडीच्या वर्गांना शिक्षक, बँकेंतले निवृत्त अधिकारी, गृहिणी, कॉलेजांतलीं मुलें बसतात. तहसील कचेरींत जुन्या फेरफारांच्या नकला मागितल्या जातात. वाचनालयांतून या विषयावर व्याख्यानें होतात. अशा नवशिक्यानें नमुना म्हणून कोणता ग्रंथ पुढें ठेवावा? आमच्या मतें तो कुलवृत्तांत नव्हे. १९३३ सालीं प्रसिद्ध झालेलें ना. गो. चापेकर यांचें ‘आमचा गांव बदलापूर’ हें पुस्तक त्यानें पुढें ठेवावें. आणि गंमत अशी, कीं तें कोणत्याच घराण्याचा इतिहास नाहीं.

कुलवृत्तांतांच्या संपादकांविषयीं प्रथम दोन शब्द आदराचे बोलले पाहिजेत. पदरास खार लावून, गांवोगांव पत्रें पाठवून, उत्तर न देणाऱ्या भाऊबंदांच्या दारांत स्वतः जाऊन या मंडळींनीं नांवें गोळा केलीं. त्या वेळीं तीं टिपलीं नसतीं तर त्यांतलीं पुष्कळशीं आज कोणाच्याच हातीं लागलीं नसतीं. पण ग्रंथ म्हणून पाहूं लागलें म्हणजे बहुतेक वृत्तांत एकाच साच्यांतून निघालेले दिसतात. आरंभीं परशुरामाची कथा, मग गोत्र-प्रवर, कुलस्वामी, मूळ गांव. मग मूळ पुरुष, त्याच्या शाखा, आणि शाखेशाखेनें एकेका पुरुषाची चार ओळींची हकीकत. शिक्षण, नोकरी, बदलीचीं गांवें. स्वभाव मनमिळाऊ, वृत्ति धार्मिक. कर्ज सहसा कोणास झालेलें नसतें, भावाभावांचा दावा चाललेला नसतो, कोणाची जमीन लिलावांत गेलेली नसते. सून माहेरच्या नांवासह आंत येते, मुलगी सासरचें नांव घेऊन बाहेर जाते, आणि तिच्या पुढचा वंश त्या ग्रंथापुरता खुंटतो.

आरंभीं पुराणकथा घालण्याची चाल मात्र नवी नव्हे, आणि तिच्याबद्दल आमची तक्रारहि नाहीं. अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. तो ज्या मुम्मुणि राजाच्या काळचा, त्या शिलाहार घराण्याचे ताम्रपट उघडले तर तेहि गरुडापुढें स्वतःचा देह ठेवणाऱ्या जीमूतवाहनापासूनच वंश मोजूं लागतात. पण तेथें जीमूतवाहन कोठें संपतो आणि कपर्दी कोठें सुरू होतो हें वाचकास कळतें, कारण कपर्दीपासून पुढें ताडून पाहण्यास दुसरे लेख आहेत. कुलवृत्तांतांत ही सीमा कोणी आंखून देत नाहीं. कथेंतला पूर्वज, ऐकिवांतला पूर्वज आणि कागदांतला पूर्वज हे तिघे एकाच टाइपांत, एकाच वंशवृक्षावर शेजारीं शेजारीं बसतात.

मराठींतील घराण्यांचे इतिहास पूर्वीं असे नव्हते. वतनाचा तंटा निघाला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. करीना म्हणजे आपल्या घराण्याची हकीकत: वतन कसें मिळालें, कोणीं भोगलें, कोणीं बळकावलें. गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर होई. ज्याला लिहितां येत नसे तो त्यावर आपल्या धंद्याची निशाणी करी, आणि शेतकऱ्याचा नांगर त्या कागदांवर पुष्कळ ठिकाणीं दिसतो. जेधे घराण्याचा करीना तर शिवकालाच्या अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. या करीन्यांत आपल्या बाजूची बढाई नसते असें नाहीं, भरपूर असते. परंतु समोर प्रतिवादी उभा असे. तो उद्यां दुसरा करीना घेऊन येणार हें लिहिणाराला ठाऊक असे. म्हणूनच या कागदांत भाऊबंदांचे खून येतात, दुष्काळांत परागंदा झालेला चुलता येतो, पोटासाठीं वतन विकल्याची कबुली येते. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांना आपल्या कैफियती आणि वंशावळी पुन्हां मांडाव्या लागल्या. तेथें प्रतिवादी सरकारच होतें. छापील कुलवृत्तांत निघूं लागला आणि हा प्रतिवादी नाहींसा झाला. उरला तो वादी, आणि त्याचें कौतुक ऐकावयास जमलेलें त्याचेंच गोत.

चापेकर (१८६९–१९६८) व्यवसायानें न्यायाधीश. १९३४ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण साहित्यिकापेक्षां न्यायासनावरचा मनुष्यच त्यांच्या लेखणींत अधिक दिसतो. त्यांचीं तीन पुस्तकें एकापुढें एक ठेवून वाचावीं. ‘आमचा गांव बदलापूर’ हें एका गांवाविषयीं. ‘पेशवाईच्या सावलींत’ (१९३७) हें जुन्या जमाखर्चाच्या कागदांवरून लिहिलेलें. ‘चित्पावन’ (१९३८) हें स्वतःच्या जातीविषयीं. गांव, हिशेब आणि जात. घराण्याचा इतिहास शोधणाराला ज्या तीन दारांतून जावें लागतें तीं हींच, आणि चापेकरांनीं तीं तिन्ही ठोठावलीं. घराणें मात्र त्यांनीं मध्यें घेतलें नाहीं.

बदलापुरास त्यांचें दीर्घ वास्तव्य होतें. ज्या गांवांत राहावयाचें त्या गांवाची एकाद्या दाव्याप्रमाणें चौकशी करावी, ही कल्पना त्या काळीं मराठींत नवीच होती. खेडें म्हटलें म्हणजे आपल्या लेखकांना एक तर मोटेचें गाणें आठवे किंवा अज्ञानाचा अंधार. चापेकरांनीं दोन्ही बाजूला सारून गांवांत कोणत्या जाती आहेत, लोक काय धंदा करतात, कोणत्या चालीरीती पाळतात, हें विचारलें आणि उत्तरें लिहून घेतलीं. सरस वर्णनाची अपेक्षा धरून हें पुस्तक उघडणाराची निराशा होईल; शैली रुक्ष आहे, आणि न्यायाधीशाचा एक दोषहि तींत आहे. गांवकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभे आहेत, प्रश्न विचारणारा एकटाच आहे. नांवांतला ‘आमचा’ हा शब्द त्यांच्या तोंडीं कितपत शोभला असता, अशी शंका येते. तथापि ज्याच्या पणजोबाचें नांव कोणत्याहि वंशवृक्षांत छापलेलें नाहीं, त्याला पणजोबाचें जग या पुस्तकांत सांपडतें. कुलवृत्तांत नांव देतो आणि जग देत नाहीं.

मराठींत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एक कूळ म्हणजे वंश. दुसरें कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानें कसणारा. पहिल्या कुळाचा वृत्तांत छापला गेला. दुसऱ्याचा तलाठ्याच्या दप्तरांत पडून आहे. उल्हास नदीच्या आसपासच्या खेड्यांतून आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनीं कुलमंडळें काढलीं नाहींत, वंशवृक्ष छापले नाहींत. पण सरकारला सारा हवा होता, सावकाराला व्याज हवें होतें, म्हणून त्यांचीं नांवें कागदावर आलीं.

तीं शोधण्याची रीत सोपी आहे, फक्त चिकाटीची आहे. आजच्या सात-बाऱ्यावर नांवाशेजारीं वर्तुळांत आंकडे असतात. ते फेरफारांचे नंबर. त्या नंबराचा माग धरून गांव नमुना सहांत जावें. तेथें अमुक मयत झाला, मागें कोण राहिलें, जमीन कोणाच्या नांवें चढली, हें लिहिलेलें असतें, आणि ती नोंद आपल्याला तिच्याहि मागच्या नोंदीकडे नेते. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. तेथपर्यंत तीन-चार पिढ्या हातीं लागाव्या. वारसांसाठीं नमुना ६-क आहे. गांवांतल्या जन्ममृत्यूंसाठीं नमुना १४ आहे, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचें जनरल रजिस्टर तर कित्येक घरांच्या पहिल्या लिहिणाऱ्या पिढीचा एकमेव कागद असतें. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सारा टापू पूर्वीं कल्याण तालुक्यांत मोडे, हें ज्याला ठाऊक नाहीं तो चुकीच्या कचेरींत महिनाभर खेटे घालतो. अलीकडे कांहीं जिल्ह्यांतील जुन्या कागदांच्या छायाप्रती शासनानें संगणकावर घातल्या आहेत. त्यामुळें खेटे कमी झाले, वाचण्याची अडचण कमी झालेली नाहीं.

या नोंदींची भाषा कोरडी आणि संक्षेपांची आहे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर; ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. नवशिका हीं अक्षरें ओलांडून पुढें जातो, आणि सारा इतिहास तेथेंच असतो. वंशवृक्षांत जी बाई ‘अमुक यांची पत्नी’ एवढीच होती, ती येथें तीन अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून उभी राहते. पुढच्या नोंदींत त्याच जमिनीवर बोजा चढतो, आणखी कांहीं वर्षांनीं तो उतरतो किंवा जमीन जाते. त्या बाईनें तीं वर्षें कशीं काढलीं हें फेरफार सांगत नाहीं. पण वर्षें किती होतीं तें सांगतो. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतरच्या नोंदी तर मुद्दाम वाचाव्या. १९४८ च्या कूळकायद्यांत पुढें झालेल्या दुरुस्तीनें त्या दिवसापासून कसणारें कूळ मालक ठरत गेलें, आणि जमीन एका कुळाच्या ओळींतून दुसऱ्या कुळाच्या ओळींत जातांना त्या पानांवर डोळ्यांना दिसते. पहिल्या कुळाच्या ग्रंथांत हा प्रसंग आला तर ‘जमिनी कुळांकडे गेल्या’ अशा चार शब्दांत येतो.

पुष्कळ उत्साही मंडळी हें सोडून एकदम पुण्यास पेशवे दप्तराकडे धांव घेतात. तेथें कोट्यवधि कागद आहेत, बहुतेक मोडी आहेत, आणि आपलें गांव, परगणा, वतन ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग समुद्राकांठीं तांब्या घेऊन बसण्याइतकाच. चावडी आधीं, पुणें मागाहून. मध्यें एक मुक्काम नाशिक-त्र्यंबकचा करावा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजाच्या हातची नोंद कधीं कधीं मिळते, आणि बरोबर आलेल्या आई-बायकोचीं नांवेंहि.

येथवर ज्यांचा विचार केला त्यांची मुळें तरी या मातींत किंवा शेजारच्या जिल्ह्यांत होतीं. उल्हासनगरची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेलीं कुटुंबें उतरविण्यांत आलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून छावणीचें उल्हासनगर झालें. पत्ता सांगतांना तेथें अजूनहि कॅम्पाचा आंकडा आणि बराकीचा नंबर सांगतात. या कुटुंबांना मूळ गांवीं जाऊन दप्तर उघडण्याची सोय नाहीं. मग त्यांना घराण्याचा इतिहास नाहीं काय? १९५० च्या कायद्यानें निर्वासितांनीं मागें टाकलेल्या स्थावराचे ‘क्लेम’ दाखल करावे असें ठरलें, आणि १९५४ च्या कायद्यानें भरपाईची व्यवस्था झाली. घर कोठें होतें, केवढें होतें, कोणाच्या नांवें होतें, भावांचे हिस्से किती, पुरावा काय: हा विसाव्या शतकांतला करीनाच नव्हे काय? प्रतिवादीच्या जागीं पडताळणी करणारा अधिकारी बसला होता, एवढेंच. वंशाच्या नांवांसाठीं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या आहेत; सिंध-पंजाबकडच्या कुटुंबांच्या नोंदी त्यांत आहेत, आणि सरहद्द बदलली तरी त्या वह्या हालल्या नाहींत.

वाचण्याची अडचण येथेंहि तीच. सिंधीची अरबी वळणाची लिपि १८५३ सालीं इंग्रज सरकारनें ठरवून दिली. आजोबांचीं पत्रें तींत आहेत आणि नातवाला ती येत नाहीं. बदलापूरच्या नातवाला मोडी येत नाहीं. हे दोघे रोज एकाच लोकल गाडींत शेजारीं बसतात आणि दोघांच्याहि घरीं न वाचतां येणारी एकेक पेटी आहे. अंबरनाथच्या आगपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्यांच्या घरीं तर पेटीहि नसते. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वारस म्हणून लिहिलेलें बायकोचें नांव, हाच कित्येकदां पहिला धागा असतो. या तीन गांवांचा एकत्र वृत्तांत कोणी लिहील तर त्याला ‘मूळ गांव’ हें प्रकरण प्रथम कापून काढावें लागेल. येथले बहुतेक लोक कोठून तरी आलेले आहेत. ‘कां आले’ हें त्यांचें पहिलें प्रकरण.

आणि तें प्रकरण कागदांत नाहीं. तें घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत आहे. म्हणून तोंडी माहितीला आम्ही कमी लेखीत नाहीं. आजी म्हणते, ‘आम्ही दुष्काळांत आलों.’ १८७६ चा दुष्काळ कीं १८९६ चा, हें तिला सांगतां येणार नाहीं. तें कागद सांगेल. पण दुष्काळ होता हें कागद सांगणार नाहीं. दोघांना समोरासमोर बसवावें. घोडे बदलण्याचें ठिकाण म्हणून बदलापूर, ही व्युत्पत्ति गांवांतलें पोरहि सांगतें. ती ऐकावी, लिहून घ्यावी, सांगणाराचें नांव व तारीख घालावी, आणि कागद मिळेपर्यंत ‘म्हणतात’ हा शब्द तिच्यापुढून काढूं नये.

व्याख्यानांविषयींहि हेंच म्हणावयाचें आहे. कुलसंमेलनांतलें व्याख्यान म्हणजे छापील वृत्तांताची बोलकी आवृत्ति: पूर्वजांची थोरवी, टाळ्या, मिष्टान्न. याच्या उलट १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभा आठवाव्या. कोणी एक सभासद एकादा जुना कागद घेऊन येई, तो वाचून दाखवी, आणि बाकीचे त्याच्या तारखेवर, वाचनावर, खरेपणावर तुटून पडत. राजवाड्यांच्या पिढीनें मराठ्यांच्या इतिहासाला प्रतिवादी मिळवून दिला तो असा. आपल्याकडे स्थळें कमी नाहींत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठीं नांवाजलेलें ‘ग्रंथसखा’ तर बदलापुरांतच आहे. अशा ठिकाणीं ‘आपला उज्ज्वल वारसा’ या विषयावर तासभर ऐकण्यापेक्षां प्रत्येकानें घरचा एक कागद आणावा, तो फळ्यावर लिहावा आणि इतरांनीं त्यावर शंका घ्याव्या. पहिल्या बैठकीस माणसें कमी येतील; दुसरीस भांडणें होतील; तिसरीस खरे कागद येऊं लागतील.

भांडणांचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. २०२३ सालीं राज्य सरकारनें न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. मोडी वाचणाराला एकाएकीं मान आला. जातीच्या दाखल्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा कोणाला लागतो, १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा कोणाला, हें आतां घरांघरांत तोंडपाठ आहे. म्हणजे घराण्याचा इतिहास पुन्हां वादाचा कागद झाला आहे, आणि तो तसा झाल्याबद्दल नाक मुरडण्याचें कारण नाहीं; ज्याच्या मुलाचें शिक्षण त्या कागदावर अवलंबून आहे त्याला हौशी संशोधकानें निष्कामतेचा उपदेश करूं नये. खेद वाटतो तो एवढाच, कीं शोधणारा ज्या एका शब्दासाठीं येतो तेवढा शब्द पाहतो, त्या ओळीची नक्कल घेतो आणि वही मिटतो. कुलवृत्तांतांत आपलें पान पाहून पुस्तक मिटणाऱ्या गृहस्थासारखेंच हें झालें. कोतवाल बुकाच्या त्याच पानावर वरखालीं शेजाऱ्यांच्या नोंदी असतात. कोणाचें मूल कोणत्या दिवशीं जन्मलें, कोणाचें कोणत्या दिवशीं आणि कशानें गेलें, हें कोतवालानें सांगितलें तसें लिहिलेलें असतें. चापेकरांनीं तें पान सबंध वाचलें असतें.